दादाची वाफ

बिडी सोडायला माझा थोरला भाऊ तयार होता. त्याची अट एकच होती, धूर दिसला पाहिजे.

ही अट त्याने डॉक्टरांसमोर घातली नाही. कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टर त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून समजावत होते. फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला. पण बिडी आजपासून सुटली तर उरलेल्या भागावर आणखी दहा वर्षं हिंडता-फिरता येईल, आणि नाही सुटली तर वर्षभरात नाकाला नळी लागेल. दादा मुकाट्याने मान डोलवत होता. बाहेर आल्यावर तो जिन्यात थांबला, कठड्याला धरून दम घेतला आणि म्हणाला, "सुटंल रं. पर तोंडातनं धूर निघाल्याबिगार मला वढल्यागत वाटत न्हाई. त्याचं बघ कायतरी."

आमच्या घरात असली कामं माझ्याकडे येतात. मी सांगलीला कोर्टात स्टेनो होतो. एकतीस वर्षं न्यायाधीश बोलले ते मी उतरवून घेतलं आणि टाइप केलं. त्यामुळे मला कायदा कळतो अशी गावाची समजूत झाली, आणि ज्याला कायदा कळतो त्याला औषधं, विजेची बिलं आणि पोरींची स्थळंही कळत असणार, अशी ती पुढे वाढली. मी ती कधी खोडून काढली नाही. तिच्यात सुख होतं.

दादा पाटणच्या अलीकडे गावीच राहिला. तो गुळव्या होता. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तेव्हा मळी कधी काढायची, जाळ कधी ओढायचा आणि काहील कधी उतरवायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर ढेप बसत नाही किंवा करपते. दादाला थर्मामीटर लागला नाही. तो वाफेकडे बघून सांगायचा. वाफ पांढरी आहे की पिवळट, सरळ चढते आहे की लोळते आहे, यावरून खालच्या रसाचं वय त्याला कळायचं. चाळीस हंगाम तो त्या वाफेत उभा होता, कानाला बिडी. फुप्फुस एवढे दिवस टिकलं हेच नवल होतं.

दिवाळीला माझा जावई मस्कतहून आला. मी त्याच्या कानावर दादाची अट घातली होती. त्याने येताना मोज्यात गुंडाळून एक इलेक्ट्रॉनिक सिगरेट आणली. पेनापेक्षा जाड, काळी नळी आणि रसाच्या दोन बाटल्या. एक पातळ, एक दाट. या वस्तूवर आपल्याकडे बंदी आहे. बनवणं, विकणं, परदेशातून आणणं, साठवणं, सगळा गुन्हा. ओढण्याबद्दल कायदा फारसं बोलत नाही, म्हणजे आकाशातून पडलेली नळी ओढली तर चालत असावं. मी तो कायदा दोनदा वाचला आणि मग नळी पिशवीत घालून कऱ्हाडची एसटी पकडली.

तिची रचना साधी होती. आत एक इवलीशी तार, तारेच्या वेटोळ्यात कापूस, कापसात मुरलेला रस. बटण दाबलं की तार तापते आणि रसाची वाफ होते. जाळायचं काही नाही, म्हणून धूर नाही आणि राखही नाही. दादाने ती बिडीसारखी दोन बोटांत धरली, बिडीसारखेच तीन-चार आखूड झुरके मारले आणि फुंकर सोडली. ओठांसमोर जेमतेम काहीतरी दिसलं आणि विरलं.

"ह्यो धूर?" दादा म्हणाला. "थंडीत आपली म्हस ह्याच्यापेक्षा जास्त सोडती की रं."

"दादा, सवय होईल."

"म्हशीला कर सवय."

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमची नळी ठेवलीया देवळीत. आन गोठ्यात वैरणीच्या मागं बिडीचं बंडल घावलं मला." त्या रडत नव्हत्या. हरवलेलं काहीतरी सापडलं असं सांगावं तशा त्या बोलत होत्या.

मी जावयाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, जास्त वाफ हवी असेल तर लोक अगदी कमी ओहमची कॉइल बसवतात. तारेचा विरोध कमी झाला की बॅटरीतून धो-धो वीज जाते, तार लालभडक होते आणि ढगच्या ढग निघतात. पण तुम्ही ते करू नका. या नळीची बॅटरी तेवढं सोसणार नाही. तापेल, फुटेलसुद्धा. आणि ती तोंडाजवळ असते."

म्हणजे तार आहे तीच ठेवून वाफ वाढवायची. मी त्याचा अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे फोनवर वाचणं. दूरदेशी तरुण पुरुष या विषयावर किती गंभीरपणे लिहितात ते पाहून मी थक्क झालो. कोणाचा ढग किती लांब गेला याच्या स्पर्धा होतात, त्यांना परीक्षक असतात, विजेत्याला ढाल मिळते. तोंडातून हवा सोडण्याबद्दल माणसाला बक्षीस मिळावं हे मला तसं नवीन नव्हतं. आमच्याकडे त्याला निवडणूक लागते. पण त्या सगळ्या बढाईच्या खाली पाच कामाच्या गोष्टी होत्या. त्या मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतल्या. हवेचं भोक पूर्ण उघडं ठेवावं. दाट रस वापरावा, त्यात ग्लिसरीन जास्त असतं आणि वाफ त्याचीच होते. कापूस ठासून भरू नये. तार साफ ठेवावी. आणि बिडीसारखं चोखू नये. सावकाश, लांब, थेट छातीत ओढावं.

शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं होतं.

पुढच्या रविवारी मी गुऱ्हाळावर गेलो. काहिलीतलं आदण, म्हणजे उकळत्या रसाचा तो घाणा, उतरायला वेळ होता. दादा काहिलीपासून दोन हात मागे बाजेवर बसून वाफेकडे बघत होता आणि चुलवाणात चिपाडं घालणाऱ्या गड्याला अधूनमधून बोटाने खूण करत होता. मी वही काढून वाचायला लागलो. तिसऱ्या मुद्द्यावर त्याने मला थांबवलं.

"हे मला कशाला सांगतुयास? काहील रुंद आन उथळ आसती ती काय शोभेला व्हय? रस पसारला तर वाफ सुटती. चुलवाणाला फुडं तोंड आन मागं धुराडं का आसतंय? वारा खेळला न्हाई तर चिपाडं नुसती धुमसत्यात. जाळ वाढवून वाफ वाढत न्हाई गड्या, रस करपतो. त्ये तुझ्या पुस्तकात आज छापून आलं का?"

"पुस्तकात नाही. फोनवर."

"मग फोनला सांग, पाटणला चाळीस वर्सांमागं कळलंय म्हणून."

त्याने नळी खिशातून काढली, उघडली आणि वहिनींच्या सुईने आतला कापूस अर्धा उपसला. राहिलेला पिंजून मोकळा केला. दाट रस भरला आणि भिजेपर्यंत थांबला. कडं फिरवून हवेचं भोक सताड उघडलं. अधोरेखित केलेलं वाक्य मी तेवढं वाचून दाखवलं. मग त्याने हळूहळू छाती भरेपर्यंत ओढलं आणि सोडलं. समोर बसलेला मी दिसेनासा झालो असणार, कारण मला तो दिसत नव्हता. चुलवाणावरचा गडी हसायला लागला. ढगाच्या पलीकडून दादाचा आवाज आला, "आता कसं!"

त्या दिवसानंतर त्याने बिडी ओढली नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण वहिनी रोज वैरण हलवून बघत होत्या. पौषात तो वरच्या शिवारापर्यंत मध्ये न थांबता चढून गेला. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी तपासणीच्या यंत्रात फुंकायला लावलं आणि आकडे बघून त्याची पाठ थोपटली. नळीबद्दल आम्ही त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि कोर्टातल्या नोकरीने मला एवढं शिकवलं होतं, की न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये.

सव्वीस जानेवारीला गावाने त्याचा सत्कार केला. ग्रामपंचायतीला गाव व्यसनमुक्त झाल्याचं कुठेतरी कळवायचं होतं आणि त्यासाठी एक तरी माणूस हवा होता. शाळेसमोर मांडव पडला. फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि दादाचा खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावरचा. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. पाहुणे पाऊण तास इच्छाशक्तीवर बोलले आणि बोलता बोलता दोनदा खिशातली तंबाखूची डबी चाचपली. दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "बिडी वाईट. लय वाईट," आणि बसला. टाळ्या पडल्या. नंतर मी त्याला शोधत गेलो तेव्हा तो शाळेच्या मागे फेटा बांधलेलाच उभा होता आणि भिंतीच्या कोपऱ्यावरून शुभ्र वाफ वळण घेत वर चढत होती. आम्ही दोघंही हसलो. मला ते हसू पुढे फार वेळा आठवलं.

फेब्रुवारीत तो फोनवर एकदा म्हणाला, "चावतंय रं जरा. तारंवर रस उकळतो आन थेंब उडून जिभंला लागतो. फेस येतुया आत." मी सांगितलं, टाकी काठोकाठ भरू नको, कापूस थोडा वाढव. आठवड्याने मीच विचारलं तेव्हा म्हणाला, "न्हाई उडत आता. फेस बसवला." मला बरं वाटलं. कसा बसवला हे विचारायचं मला सुचलं नाही.

शिमगा झाल्यावर त्याला खोकला लागला. मग बारीक ताप. मग अंगणातून परड्यापर्यंत जाताना तो दोनदा खाली बसला. पुतण्या सैन्यात, सीमेवर. म्हणून वहिनींनी मला फोन केला आणि मी गाडी करून त्याला सांगलीच्या एका रुग्णालयात आणलं. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढरं साचलं होतं. ऑक्सिजनचा मुखवटा बांधला. छातीच्या डॉक्टर बाई तिशीच्या होत्या, बोलणं मोजकं. खाटेशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "बिडी?"

"सोडली. चार महिने होतील."

"दुसरं काही ओढण्यात आलं का? फवारणी, कसला धूर, तेल, रसायन, हुक्का, इलेक्ट्रॉनिक सिगरेट? काहीही."

हा प्रश्न मला सरळ विचारला होता. मी म्हणालो, "नाही."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. बाई गेल्यावर व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "बरं केलंत भावजी. सत्कार झालाय त्यांचा. गावात काय त्वांड दाखवायचं?" मला त्यांच्या तोंडाची काळजी नव्हती. मला जावई दिसत होता, विमानतळावर मोजे उलगडणारा. मुलीचा संसार दिसत होता. कोर्टातून निवृत्त झालेल्या स्टेनोच्या नावापुढे आरोपी हा शब्द दिसत होता. तो शब्द मी हजारो वेळा टाइप केला आहे, त्याची लांबी मला बोटांनी ठाऊक आहे. शिवाय मी स्वतःला समजावलं, की वाफेने काय होणार, डॉक्टरांनीच तिला बिडीपेक्षा बरी म्हटलं असतं.

दोन दिवस त्याला न्यूमोनियाची औषधं शिरेतून चालू होती. ती जोरदार होती आणि त्यांचा काही उपयोग होत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची नखं निळी दिसायला लागली. बाई फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे जंतूंसारखं वागत नाहीये. आज नाही सुधारलं तर व्हेंटिलेटर लावावा लागेल." तेव्हा मी बोललो. नळी, दाट रस, उघडं भोक, छातीत खोल ओढणं, सगळं क्रमाने. माझं कथन नेहमीसारखं व्यवस्थित होतं.

त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "रसात आणखी काही मिसळलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. आणि या वेळी ते मला खरं वाटत होतं.

खाटेवरून खडखड आवाज आला. दादाने मुखवटा बाजूला ओढला होता.

"गोडंतेल," तो म्हणाला. "थेंब. टाकीला... दोन थेंब."

बाईंना कळलं नाही. मला कळलं. काहिलीत रस उतू जायला लागतो, फेस काठावर चढतो, तेव्हा गुळव्या शेंगतेलाचे थेंब शिंपडतो आणि फेस खाली बसतो. प्रत्येक आदणाला. लहानपणी ती जादू बघायला आम्ही काहिलीभोवती उभे राहायचो. जगातला दुसरा कोणीही माणूस त्या नळीत खायचं तेल घालणार नाही. पण उकळतं, फेसाळतं आणि उडतं म्हटल्यावर गुळव्याचा हात तेलाच्या वाटीकडेच जाणार. तेल रसात मिसळत नव्हतं, म्हणून तो ओढण्याआधी नळी हलवायचा. मग ते तापायचं आणि वाफेबरोबर सावकाश, लांब, थेट छातीत जायचं.

त्याच दुपारी घशातून नळी घालून फुप्फुस धुतलं. बाटलीत जमलेलं पाणी दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने त्यावर तवंग आला. औषधं बदलली. व्हेंटिलेटर टळला. मी बाईंना गाठून म्हणालो, की मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर. त्या फायलीत लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन दिवस मिळाले असते." मग थांबून म्हणाल्या, "ते कोणी आणलं हे मला नको होतं हो. मला फक्त काय आत गेलं ते हवं होतं."

पोलीस आले नाहीत. कोणी चौकशी केली नाही. ज्या कायद्याला मी भ्यालो त्याला माझी खबरही नव्हती. फायलीत एक ओळ पडली, तेलामुळे झालेला फुप्फुसाचा दाह, आणि कागद बंद झाला.

दादा घरी आला तो ऑक्सिजनच्या मशीनसह. दहा वर्षं पुरेल असा फुप्फुसाचा जो भाग शिल्लक होता त्यातला बराचसा तेलाने खाल्ला होता. सोप्यात खाट टाकली. बाथरूमपर्यंत पोहोचेल एवढी ऑक्सिजनची नळी मी मोजून आणली. मी दर आठवड्याला जात होतो आणि प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून न सांगता परतत होतो. चौथ्या खेपेला सांगितलं. वहिनी आत होत्या.

"दादा, बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी नाही म्हणालो. दोन दिवस गेले त्यात."

एका श्वासात तीन-चार शब्द, मग थांबायचं, असं त्याचं बोलणं झालं होतं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "मी ऐकत हुतो की. कान चालू हुते."

"मग तू का नाही बोललास?"

"तू न्हाई म्हणालास." श्वास. "मला वाटलं, कायद्याचं... कायतरी असंल. तुला कळतंय."

मशीन आवाज करत होतं. दम घेऊन तो म्हणाला, "आन तेलाचं काय... कुणी इचारलं असतं तर... सांगितलं असतं. चोरून न्हवतं घातलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

त्यानंतर तो सात आठवडे होता. भेटायला माणसं यायची. तब्येतीची विचारपूस, हवामान, उसाचा दर. वहिनी आधीच सांगून ठेवायच्या, न्यूमोनिया झाला होता म्हणून. पण पंचक्रोशीतला कोणी गुळव्या आला, की दादा हाताने त्याला जवळ बोलवायचा. खाटेच्या कडेला बसवायचा, नाकाची नळी नीट करायचा आणि सुरुवातीपासून सांगायचा. वाफेची नळी कुणी दिली, रस कसा उडायचा, तेल किती घातलं. हल्ली पोरं असल्या नळ्या ओढतात, गुऱ्हाळावर पण आणतात, बघून ठेवा. एका गुळव्याला सांगायला अर्धा-पाऊण तास लागायचा. मध्ये ओठ निळे पडायचे, वहिनी "आवं बास की आता" म्हणायच्या, सत्काराचा फेटा मागे खुंटीला होता, आणि तो हात वर करून त्यांना थांबवायचा.

असे पाच जण आले. शेवटचा आला तेव्हा दादाला आवाज उरला नव्हता. त्याने माझ्याकडे बोट केलं. मग मी सांगितलं. मी एकदा जावयाचा भाग गाळला, तर त्याने माझ्या मनगटावर बोटाने टकटक केली आणि मी मागे जाऊन तो घातला. दोन दिवसांचंही सांगितलं. समोरचा गुळव्या खाली बघत ऐकत होता. सगळं संपल्यावर त्याने दादाला विचारलं, "मग फेस कसा बसवायचा?"

दादाने मान हलवली. बसवायचा नाही, असं त्याला म्हणायचं होतं.